दांडीला बांधलेली पट्टी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करत बसणार नाही. कागदाच्या मिलमध्ये मेंटेनन्सला तेहतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी लोकांवर ओरडण्यात गेली. ओरडायला कारणही असायचं. फिरत्या रोलमध्ये माणसाची बाही अडकली तर पुढचं बघवत नाही. म्हणून आमच्या खात्यात नियम होता: मशीन उघडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात. मोठ्या साहेबाने मागितली तरी द्यायची नाही. हा नियम काही मी केलेला नव्हता, पण पाळायला लावणारा मी होतो, आणि त्याचा मला फार माज होता.

माझा हेल्पर माझ्याहून चार वर्षांनी लहान. दोघंही जळगावकडचे, मिलच्या नोकरीसाठी इकडे आलो आणि इकडचेच होऊन गेलो. एकदा त्याने घाईघाईत कुलूप न लावता पंपात हात घातला. मी सगळ्या शिफ्टसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. दुसरा कुणी असता तर युनियनकडे गेला असता. हा दुसऱ्या दिवशी मावा जिलेबी घेऊन आला आणि म्हणाला की दादा, हात वाचला, त्याची ही मिठाई. तेव्हापासून आमची जोडी जमली ती जमलीच. मला तो दादा म्हणायचा. मिलमध्ये ज्याच्याशी त्याला संबंध ठेवायचा नसे, त्याला तो फार अदबीने साहेब म्हणायचा. त्या माणसाला वाटायचं, किती मान देतो बिचारा!

रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपूरला नव्या कॉलनीत आम्ही शेजारी-शेजारी घरं घेतली. सकाळी ऑटोने राजघाटापर्यंत जायचं, तापीच्या काठाने चालायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि राजकारणावर भांडत परत यायचं. बोलायचं म्हणजे ओरडूनच, कारण मिलच्या आवाजाने दोघांचेही कान गेलेले. त्याचे माझ्याहून जास्त. त्याने घरामागे लहानशी नर्सरी केली होती. गुलाबाला डोळा भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गावठी गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, त्यात चांगल्या जातीचा डोळा सरकवायचा, वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची. सगळं काम बोटांच्या टोकांचं. केळीच्या बागा असलेले मोठमोठे शेतकरी बंगल्यासाठी त्याच्याकडून रोपं न्यायचे. माझ्या फाटकाजवळचा लाल गुलाब त्यानेच भरलेला आहे.

कॉलनीच्या मधोमध बाग आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत माजायचं, विळ्याने कापणारा माळी काम सोडून गेला, तेव्हा कमिटीने एका बंगलेवाल्याकडून गवत कापायचं पेट्रोलचं मशीन जुनं घेतलं, मागे चालत ढकलायचं. मशीन म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला तरी दुसरं काय हवं होतं! घरात बायको विचारत नव्हती, बाहेर कुणी विचारत नव्हतं. मी त्याचं पुस्तक चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि कॉलनीतल्या चार उत्साही माणसांना, त्यात जोडीदारही आलाच, बागेत उभं करून शिकवलं.

शिकवलं अगदी मिलसारखं. आधी लॉनवरून एक चक्कर मारून दगड, तारा, फटाक्यांचे डबे वेचायचे. चपला चालणार नाहीत, बूट हवेत. तेल बघायचं, पेट्रोल इंजिन थंड असतानाच भरायचं. ओलं गवत कापायचं नाही, ते मशीनच्या तोंडाशी, कापलेलं बाहेर पडतं तिथे, चोंदतं. गवत फार वाढलं असेल तर एका दमात खरवडायचं नाही, पातं उंचावर ठेवून आधी वरवर कापायचं आणि दोन-चार दिवसांनी खाली घ्यायचं. मशीन पुढे ढकलायचं, आपल्या पायांकडे ओढायचं नाही. एक पट्टा कापून झाला की दुसरा त्याच्यावर थोडा चढवायचा, म्हणजे मध्ये शेंडी राहत नाही. मी हे सांगत असताना एकाने जांभई दिली, त्याला मी घरी पाठवलं.

या मशीनची एक खुबी होती आणि ती नीट सांगायला हवी. मुठीच्या वर एक दांडी असते. ती मुठीला दाबून धरली की पातं फिरतं. सोडली की दांडी वर उडते आणि पातं थांबतं, इंजिन मात्र चालूच राहतं. माणूस घसरला, पडला, चक्कर आली, तरी हात सुटला की पातं थांबणार. पण ते त्याच क्षणी थांबत नाही, दोन-तीन सेकंद घेतं. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की दांडी सोडल्यावर मनात पाच मोजायचे, मग हलायचं. आणि मशीनच्या तोंडाशी गवत अडकलं, तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढायची, मग काडीने गवत काढायचं. हात घालायचाच नाही. जोडीदार हसला आणि म्हणाला की दादा, याला कुलूप कुठे लावायचं तेवढं सांगा.

पहिल्या वर्षी सगळं ठीक चाललं. दुसऱ्या वर्षी माझा डावा अंगठा दुखायला लागला. दांडी अर्धा तास दाबून धरली की मनगटापर्यंत कळ जायची. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर मशीन दुसऱ्याच्या हातात गेलं असतं. मग मी आपल्या गावचा इलाज केला. बुऱ्हाणपुरात लूमवरच्या कापडाची कडेची पट्टी कापतात, तिचे ढीग किलोवर विकतात, आणि इथे त्या पट्टीने काय बांधत नाहीत ते विचारा. केळीचा घड, सायकलचं कॅरिअर, खाटेचा पाय, फाटकाचा कोयंडा. घराघरात त्या पट्ट्यांचा गुंडाळा असतो. मी त्यातली एक काळी पट्टी घेतली आणि दांडी मुठीला बांधून टाकली. अंगठा मोकळा. पातं फिरतंच राहणार, मी नुसतं ढकलायचं.

तेहतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी माणसांना शिव्या घातल्या तीच मी केली, आणि करताना मला काही वाटलं नाही. वाटलं असेल तर एवढंच, की मला मशीन कळतं, मला चालतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काम झालं की पट्टी सोडून खिशात घालायचो, म्हणजे कुणी बघायला नको. म्हणजे चूक आहे हे मला पुरतं ठाऊक होतं.

गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. बागेत मांडव घालायचा होता म्हणून गवत कापायलाच हवं होतं. आदल्या रात्री शिडकावा होऊन गेलेला, गवत ओलसर. थांबायला हवं होतं, पण मांडववाला दुपारी येणार होता. मी अर्धी बाग कापली. तेवढ्यात फाटकाशी मांडववाल्याचा माणूस आला आणि खांब कुठे रोवायचे ते विचारू लागला. मी मशीन तसंच सोडून गेलो. इंजिन चालू, दांडी बांधलेली. बंद केलं असतं तर चालू करायला पुन्हा दोरी ओढावी लागली असती, आणि खांदाही आता कुरकुरत होता. पंधरा-वीस पावलांचा तर प्रश्न, म्हटलं, आलोच.

जोडीदार बाकावर बसला होता. दादा दमले, आपण हात लावू, म्हणून तो उठला. चष्मा घामाने निसटतो म्हणून खिशात ठेवलेला. त्याने मूठ धरली, दांडीही धरली, आणि एक पट्टा छान सरळ कापत नेला. मुठीच्या टोकाला काळ्यावर काळी बांधलेली पट्टी त्याला दिसली नाही. मी फाटकातून बघत होतो. मला त्याचं बरं वाटलं, आणि पट्टीची आठवण झाली नाही. देवाशपथ झाली नाही. पुढे तोंडाशी गवत चोंदलं तसा तो थांबला. दांडी सोडून दोन्ही हात बाजूला घेतले आणि उभा राहिला. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. तो मोजत होता. मग तो वळसा घालून पुढे गेला आणि खाली वाकला.

इंजिनाच्या आवाजात पात्याची घरघर मलाच ऐकू आली नाही, तर त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मी फक्त त्याची किंकाळी ऐकली.

मी धावलो. धावत जाऊन काय केलं तेही लिहून टाकतो. इंजिन बंद केलं, हे बरोबरच होतं. त्यानंतर मी पट्टीची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, ती नखाने उकरली, पट्टी ओढून खिशात कोंबली, आणि मग त्याच्याजवळ बसलो. किती वेळ गेला असेल? चार-पाच सेकंद. पण आधी पट्टी आणि मग माणूस, असा क्रम माझ्या हाताने लावला. तो हात धरून गवतात बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याला काही दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर फार बरं झालं असतं.

उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, वरच्या पेरापासून गेली. ऑटोत मी त्याचा हात टॉवेलात धरून बसलो होतो. दवाखान्यात मलमपट्टी झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते माझी माफी मागणारं. "दादा, तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी हात घातला. मिलची शिकवण मातीत घातली." मी म्हणालो, किती वेळा सांगितलं होतं तुला! सवयीने तोंडातून गेलं. तो मान खाली घालून हो म्हणाला.

चार दिवसांनी कमिटीचे लोक बागेत जमले. मशीनमध्येच दोष असेल तर बंगलेवाल्याला परत करू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला करून दाखवायला सांगितलं. मी इंजिन चालू केलं, दांडी दाबली, सोडली. दोन सेकंदांत पातं थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. मशीन चोख आहे, मी म्हणालो. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. जोडीदार हात गळ्यात बांधून तिथेच उभा होता, आणि मी त्याच्याकडे न बघता मशीन पुसत राहिलो.

खरी पडझड तिथून सुरू झाली, ती मला उशिरा दिसली. बोटांचं दुःख त्याने मोठ्या धीराने घेतलं. पण त्याला एक गोष्ट सुटत नव्हती. राजघाटावर बसल्यावर तो पुन्हा-पुन्हा तेच काढायचा: दादा, मला आठवतंय की मी दांडी सोडली. मला आठवतंय की मी पाच मोजले. पण सोडली असती तर पातं थांबलं असतं, तुम्हीच तर दाखवलंत. म्हणजे मी सोडली नाही. मग मला आठवतंय ते काय आहे? मी म्हणायचो, धक्क्यात माणसाला काहीही वाटतं, सोड तो विषय. तो सोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच यायचा.

त्याच्या वडिलांचं शेवटी डोकं गेलं होतं. बाजारातून घर सापडेना, मुलाला ओळखेनात, जेवून उठले की जेवायला वाढा म्हणायचे. त्याने ते सात वर्षं उचललं होतं. आता त्याला वाटायला लागलं की आपली पाळी आली. किल्ली कुठे ठेवली ते विसरला की पांढराफटक पडायचा. अहो, किल्ल्या मी रोज विसरतो, माझी बायको रोज मला शोधून देते! पण त्याला कोण सांगणार. डोळा भरणं त्याने बंद केलं. उरलेल्या बोटांनी जमेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण तो म्हणायचा की चाकू हातात घ्यायची भीती वाटते, मी काय करतोय ते मलाच माहीत नसेल तर?

दिवाळीत त्याचा मुलगा इंदूरहून आला. चांगला मुलगा आहे, बापाची काळजी करणारा. त्याने सगळं बघितलं, मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या त्या मिसळीच्या भाषेत म्हणाला की अंकल, पप्पांचं आता नहीं चलेगा, उनको कुछ याद नहीं रहता, एकटं ठेवायचं म्हणजे रिस्क आहे. त्याने बापाच्या स्कूटरची चावी काढून घेतली. संक्रांतीनंतर आई-वडिलांना इंदूरला न्यायचं, घर भाड्याने द्यायचं, नर्सरी काढून टाकायची, असं ठरलं. मला विचारलं, आपको क्या लगता है? मी म्हणालो, तुझं बरोबर आहे, बेटा. बोटं मशीनने घेतली होती. डोकं मी घेत होतो, आणि वर मान डोलवत होतो.

मनात कारणं मी खूप रचली. त्याने हात घातला नसता तर काही झालं नसतं, हे खरंच होतं ना? इंजिन बंद करायला हवं होतं, काडी घ्यायला हवी होती. नियम त्यानेही मोडलाच. ही कारणं दिवसभर पुरायची, पण सकाळच्या चहाला अपुरी पडायची. कारण ती काळी पट्टी बायकोला धुण्याच्या कपड्यांत, माझ्या पँटच्या खिशात सापडली होती. तिने ती धुवून वाळवली आणि ओट्यावरच्या कारल्याचा वेल ग्रिलला बांधला. पट्टी वाया घालवायची नाही, ही इथली रीत. मी रोज चहा घेऊन ओट्यावर बसायचो आणि डोळ्यांसमोर ती. सोडून फेकून द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण फेकली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

संक्रांतीला आठ दिवस होते. राजघाटावर पायऱ्यांवर बसलो होतो. थंडी होती, तो मफलर गुंडाळून पाण्याकडे बघत होता. म्हणाला की दादा, इंदूरला गेल्यावर मी तुम्हाला विसरलो तर रागावू नका. हे तो हसून म्हणाला. मला ते ऐकवेना. मी सगळं सांगितलं. अंगठा, पट्टी, फाटक, त्याचे हलणारे ओठ, आणि पट्टी आधी सोडली तेही. ओरडून सांगावं लागलं, त्याला ऐकू यायला हवं ना. कपडे धूत असलेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर आपला तो तुटका हात ठेवला.

"दादा, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नका. तुम्ही दांडी बांधाल? तुम्ही?"

मी शपथ घेतली. तो मान हलवत राहिला. मिलमध्ये एका कुलपासाठी सख्ख्या हेल्परला मारणारा माणूस असं करणार नाही, असं तो मलाच समजावू लागला. माझ्यावर इतका विश्वास होता त्याचा, की माझं खरंसुद्धा त्याला खोटं वाटलं. तेव्हा मला रडू आलं आणि रागही आला, नेमका कुणाचा ते सांगता येत नाही.

घरी आलो तो तडक ओट्यावर गेलो आणि वेलाची पट्टी सोडायला लागलो. कारल्याचा वेल खाली लोंबला. बायको पीठ भरल्या हाताने बाहेर आली आणि काय चाललंय म्हणाली. तिलाही सांगितलं. पट्टी तिनेच धुतली होती, तिनेच बांधली होती, चार महिने. तिने माझ्या हातातली पट्टी बघितली. मग म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना पटेल असं सांगा."

जोडीदाराचा मुलगा त्या दिवशी सामान बघायला इंदूरहून आलेला होता. मी बाप-लेक दोघांना बागेत बोलावलं. गवत थंडीत वाढत नाही, पण बदामाची पानं भरपूर पडली होती. पानांचा मोठा ढीग केला. दोघांना मशीनच्या मागच्या बाजूला, चांगलं लांब उभं केलं. दोरी तिसऱ्या झटक्याला लागली. दांडी दाबून मशीन ढिगावर नेलं, तोंडातून पानांचा भुगा उडायला लागला. आधी पट्टी न बांधता दांडी सोडली. भुगा थांबला. मग पुन्हा दाबली, त्याच्यासमोर ती काळी पट्टी बांधली, तशीच, त्याच टोकाला, तीच गाठ. आणि दोन्ही हात वर करून दोन पावलं मागे झालो.

भुगा उडतच होता. जोडीदाराने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मोठ्याने मोजायला लागला. एक. दोन. तीन. चार. पाच. पाचनंतरही पानं उडत होती. तो पुढे मोजत गेला, अकरापर्यंत गेला, तेव्हा मी इंजिन बंद केलं.

तो मुलाकडे वळला. "मोजले होते की नाही मी?"

मुलगा एकदा माझ्याकडे बघून बापाजवळ गेला. खिशातून त्याने स्कूटरची चावी काढली, स्वतःच्या घराच्या चाव्यांच्या जुडग्यातून ती सोडवली, आणि बापाच्या डाव्या हातात ठेवली. जोडीदाराने ती मुठीत घट्ट धरली. सोडली होती मी, सोडली होती, असं तो स्वतःशीच म्हणत होता, आणि रडत होता. मी दहा पावलांवर पट्टी हातात घेऊन उभा. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि बघावं असं मला वाटतही नव्हतं.

कमिटीला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या काका, हो जाता है. मला ओरडा हवा होता, तो तिथे मिळाला नाही. मशीन ठेवायच्या खोलीची किल्ली मी परत दिली.

ते लोक इंदूरला गेले नाहीत. नर्सरी आहे तिथेच आहे. उरलेल्या बोटांनी तो पुन्हा डोळे भरतो, एका डोळ्याला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो, पण जगतात म्हणे, दहातले सात-आठ जगतात. हे मला त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितल्यावर कळलं. राजघाटावर तो आता स्कूटरवर एकटाच जातो. मी ऑटोने गेलो तर टपरीवर दिसतो, आणि चहा संपवून उठतो.

परवा सकाळी मी फाटकाजवळच्या गुलाबाला पाणी घालत होतो. त्याची स्कूटर समोर येऊन हळू झाली. थांबेल असं वाटलं. मी नळी खाली टाकली. त्याने गुलाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उजवा हात कपाळाशी नेला. फार अदबीने.

"नमस्कार, साहेब."

मीही नमस्कार केला. तो गेला.